मथुराबाईंचं ऊन

आमच्या 'किनारा' बिल्डिंगला सौरऊर्जेचा साक्षात्कार व्हायच्या कितीतरी वर्षं आधीपासून तिथे एक बाई उन्हावर पोट भरत होती. पण तिच्या उन्हाला सरकारी अनुदान नव्हतं आणि ते मोबाइलवर दिसत नव्हतं, त्यामुळे कुणी ते जमेस धरलं नाही. मथुराबाई तिचं नाव. मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि त्या माझ्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या बरोबर खाली. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. जन्मभर लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिली, त्यामुळे माणूस काय बोलतोय आणि त्याला काय म्हणायचंय यातलं अंतर मला चटकन कळतं. कळलं की मला गप्प बसवत नाही. रत्नागिरीत आमच्या नाचणे रोडवर माझ्याबद्दल फारसं चांगलं बोललं जात नाही ते त्यामुळेच.

मथुराबाई मूळच्या संगमेश्वराकडच्या, डोंगरातल्या एका वाडीतल्या. नवरा भागोजी मुंबईत कुठल्याशा कँटीनमध्ये होता. गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचा. एका शिमग्याला तो आला नाही, त्याच्या जागी निरोप आला. पुढे त्याच्या फंडाचे पैसे आले तेव्हा दिरांनी ते घरात घालायला सांगितले. मथुराबाईंनी मुलीला कडेवर घेतलं, पैसे पोलक्यात ठेवले आणि रत्नागिरीची एसटी धरली. इथे त्यांनी लोकांच्या घरी स्वयंपाक केला, लग्नकार्यात पोळ्या लाटल्या. मुलगी ज्ञानेश्वरी शिकली, सावर्ड्याला नांदायला गेली. या सगळ्या वर्षांत मथुराबाईंना एकच गोष्ट हवी होती. स्वतःचं अंगण. कारण त्यांना जे खरोखर येत होतं ते अंगणाशिवाय होत नव्हतं.

आंब्याची साठं आणि आमसुलं. ज्यांनी फक्त दुकानातली खाल्लीयत त्यांना मी काय सांगणार? साठ म्हणजे आंबापोळी. तूप लावलेल्या ताटात रस पसरायचा, उन्हात सुकू द्यायचा, दुसऱ्या दिवशी त्याच्यावर दुसरा थर, मग तिसरा, मग अख्खी पोळी अलगद सोडवून उलटायची. ढग आला की धावायचं, कावळा आला की धावायचं. मथुराबाई हापूसच्या रसात थोडा रायवळ घालायच्या, म्हणजे गोडाच्या मागून जरा आंबट जिभेला लागतं. आमसुलांना त्या कोकमाच्या रसाची पुटं द्यायच्या. सालं रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, काळीभोर होईपर्यंत. पुण्या-मुंबईच्या बायका फेब्रुवारीतच फोन करून आपला वाटा सांगून ठेवायच्या.

'किनारा' बांधली जात होती तेव्हा मथुराबाई बिल्डरकडे गेल्या आणि वरची खोली मागितली. वरची खोली कुणालाच नको होती. उन्हाळ्यात तापते आणि पावसात गळते. बिल्डरला वाटलं, बाईला स्वस्तात हवी असेल. बाईला गच्ची हवी होती. "वर तुम्हीच आहात, काय वाळवायचं ते वाळवा," असं बिल्डर म्हणाला आणि गच्चीची किल्ली त्यांच्या हातात दिली. तोंडी. आमचे अध्यक्ष दत्तात्रेय मुळ्ये यांनी तेव्हा एकच अट घातली होती, की मासळी वाळत घालायची नाही. मथुराबाईंना सुकी मासळी जीव की प्राण, पण त्यांनी शब्द दिला आणि पाळला. एप्रिल-मे महिन्यांत रोज सकाळी त्या अनवाणी गच्चीवर जायच्या, स्लॅबवर तळहात टेकवून ठेवायच्या आणि आज ताटं कधी मांडायची ते ठरवायच्या. ती किल्ली त्यांच्या मंगळसूत्राच्या जागी काळ्या दोऱ्यात असायची. मी एकदा त्यावरून चिडवलं तर म्हणाल्या, "ह्यो काय मुंबयला जायाचा नाय."

मग मुळ्ये एका लग्नाला पुण्याला गेले आणि तिथे कुणाच्या तरी बिल्डिंगवर त्यांनी सोलर पाहिलं.

मुळ्ये वाईट माणूस नाही. वाईट असते तर मला इतका राग आला नसता, कारण वाईट माणसाकडून आपली काही अपेक्षा नसते. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, सगळ्यांच्या मयतीला जाणारे, जिन्यातला बल्ब स्वतः बदलणारे गृहस्थ. पण त्यांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की बाकीच्यांनी त्यासाठी जागा करून द्यायची असते. परत आल्यावर त्यांनी सभा बोलावली. सरकार अनुदान देतंय, लिफ्ट आणि पंप फुकटात चालतील, पृथ्वीचं भलं होईल. मुदत मार्चपर्यंत. सोबत अनिल नावाचा कंत्राटदार आणला होता. पांढरा शर्ट, हातात टॅब. त्याने टॅबवर आमचीच गच्ची दाखवली, वर निळ्या पाट्यांचं छप्पर घातलेली. लोक खूश झाले. मी पण झाले. मला सौरऊर्जेचं वावडं नाही, लिफ्ट बंद पडली की माझेच गुडघे कुरकुरतात.

मी फक्त एवढंच विचारलं, की मथुराबाईंच्या ताटांचं काय?

अनिल हसला. म्हणाला, "काकू, त्याचाच विचार करून आम्ही स्ट्रक्चर उंच घेतलंय. पॅनल डोक्याच्या वर. खाली अख्खी गच्ची मोकळी. एक इंचही जागा जाणार नाही."

"बघा," मुळ्ये म्हणाले, "मथुराबाई, तुमची जागा जशीच्या तशी. उलट वर छप्पर झालं, तुम्हाला ऊन लागणार नाही."

सभेत शिकलेली माणसं होती. दोन शिक्षक, एक बँकवाला, एक वकीलसुद्धा. सगळ्यांनी माना डोलावल्या. साठं वाळवणाऱ्या बाईला ऊन लागणार नाही म्हणून तिचं अभिनंदन चाललं होतं, आणि त्या खोलीत कुणालाही हसू आलं नाही. मी म्हटलं, "अहो, तिला जागा नकोय, ऊन हवंय." तर मुळ्ये म्हणाले, "हेमाताई, प्रत्येक गोष्टीत फाटे फोडायचे नसतात." मथुराबाई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुमी समदे ठरवाल तां." मला त्यांचाही राग आला. अजून येतो.

मुदत गाठायची म्हणून काम धडाक्यात झालं. लोखंडी खांब उभे राहिले, पॅनल चढली, शिमग्याच्या आधी गच्ची पूर्ण झाकली गेली. मुळ्यांनी नारळ फोडला. आणि मग काहीच झालं नाही. वीज मोजणारं ते दुहेरी मीटर काही येईना. अनिल म्हणे ते कचेरीत अडकलंय, कचेरीतले म्हणत कंत्राटदाराने कागद अर्धेच दिलेत. मीटर नाही तर जोडणी नाही, जोडणी नाही तर वीज नाही. मार्च गेला, एप्रिल आला. रत्नागिरीचं ते घाम काढणारं ऊन रोज सकाळी येऊन त्या निळ्या पाट्यांवर पडायचं आणि कुणाच्याच कामाला न येता संध्याकाळी समुद्रात जायचं. लिफ्ट जुन्याच विजेवर चालत होती. खाली गच्चीवर गार सावली होती.

मथुराबाईंनी पहिला रस काढला तो वाया गेला. सावलीत साठ सुकत नाही, आंबूस वास धरतं आणि वर बुरशी येते. त्यांनी ताटं कठड्यावर ठेवून पाहिली, तिथे उन्हाची एक तिरीप यायची, पण ती सरकत राहायची आणि ताटं तिच्या मागे सरकवता सरकवता दिवस संपायचा. शेजारच्या बिल्डिंगीत विचारून आल्या, त्यांनी नकार दिला. पुण्या-मुंबईच्या बायकांना त्या एकेक फोन करून सांगत होत्या, "औंदा जमायचा नाय." ज्ञानेश्वरीने सावर्ड्याला बोलावलं. चांगली मुलगी आहे, मनापासून बोलावलंन. पण जावयाच्या घरी जाऊन राहायचं म्हणजे मथुराबाईंनी आयुष्यभर जे उभं केलं होतं ते मोडून पिशवीत भरायचं. "हातपाय चालतात तवर माझा मी खाईन," एवढंच त्या लेकीला म्हणाल्या. हातपाय चालत होते. ऊनच अडवलेलं होतं.

त्यातच मुळ्यांनी त्यांना एक काम दिलं. पॅनल पुसायचं. "तुम्ही वरच राहता, अधूनमधून फडका मारा, दिवाळीला बघू काहीतरी." बंद असलेली पॅनलं चकचकीत ठेवायची. मथुराबाई लोखंडी शिडीवरून वर चढल्या, पॅनलच्या मधून चालायच्या पट्टीवर उभ्या राहिल्या, आणि गेले दोन महिने त्यांना न दिसलेलं सगळं ऊन तिथे होतं.

कोकणात उन्हाळ्यात कुठल्याही सपाट वस्तूवर ऊन पडलं की तिच्यावर काहीतरी वाळत घातलेलं असतं. कातळावर कोकमं, पत्र्यावर मिरच्या, उभ्या रिक्षाच्या टपावर सांडगे मी स्वतः बघितलेत. विमानतळाच्या धावपट्टीवर कुणी कुळीथ घालत नसेल तर ते केवळ तिथे सोडत नाहीत म्हणून. मथुराबाई याच मातीतल्या. त्यांनी पॅनलला हात लावून पाहिला, चांगलं तापलं होतं. तिरक्या पाटीवर रस वाहून जातो, म्हणून साठं शक्यच नव्हती. पण आमसुलं होण्यासारखी होती. त्यांनी जुनी धुतलेली लुगडी पॅनलवर पसरली, टोकं चौकटीला बांधली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडेला जांभ्याचे खडे ठेवले, आणि त्यावर कोकमाची सालं घातली.

मी खालून बघितलं तेव्हा हसले. म्हटलं, "मथुराबाई, मुळ्ये बघतील."

"बगूंदेत. नायतरी त्या फळ्या बंदच हायत. वर पडलेला ऊन कोन घेतलान? कोन नाय. मी घेतला तर कोनाचा काय जाता?"

 

मेच्या शेवटाला वारा सुटला. एका दुपारी एक लुगडं सुटून फडफडलं आणि त्याच्याबरोबर एक खडा उसळून खालच्या पाटीवर आपटला. काच फुटून पडली नाही, जागच्या जागी तिच्यावर बारीक भेगांचं जाळं पसरलं. मथुराबाई शिडी उतरल्या आणि तडक मुळ्यांकडे गेल्या. कुणी बघितलं नव्हतं. वाऱ्यावर ढकलता आलं असतं, कावळ्यावर, शेजारच्या माडाच्या नारळावर. त्यांनी जाऊन सांगितलं, "मुळेकाका, माज्या हातून एक फळी गेली." मुळ्ये तेव्हा अनिलशी फोनवर भांडत होते. "बरं बरं, बघू," म्हणाले. आणि विसरून गेले.

मीटर आलं ते जुलैत. जुलैत रत्नागिरीत काय असतं ते नव्याने सांगायला नको. भर दुपारी दिवे लावावे लागतात आणि कपाटातल्या साड्यांना बुरशी चढते. जोडणी झाली, मुळ्यांनी मोबाइलवर वीज मोजून दाखवणारं अ‍ॅप उघडलं, आणि आकडा बघून त्यांचा चेहरा उतरला. अनिलने टॅबवर दाखवलेल्या आकड्याच्या तो पासंगालाही पुरत नव्हता. बिलात काही फरक नाही. लोक जिन्यात टोमणे मारायला लागले. अनिलला बोलावलं तर तो गच्चीवर जाऊन आला आणि म्हणाला, "सर, एक पॅनल क्रॅक आहे. एक गेलं की अख्ख्या लायनीवर परिणाम होतो. शिवाय काचेवर लाल डाग आहेत. काहीतरी वाळत घातलं होतं का?"

मुळ्यांना तेव्हा आठवलं.

सभा झाली ती आमच्याच जिन्याखाली. बाहेर असा कोसळत होता की बोलायला आवाज चढवावा लागत होता. मुळ्ये म्हणाले, एका व्यक्तीच्या निष्काळजीपणामुळे सगळ्या सोसायटीचं नुकसान होतंय. वकील म्हणाले, गच्ची ही सामायिक मालमत्ता आहे. मी उठले. म्हटलं, "मुळ्ये, जरा मागे वळून दाराबाहेर बघा. सूर्य आलाय का गेल्या आठवड्यात?"

"पॅनल ढगाळ हवेतही काम करतात, हेमाताई," ते म्हणाले. "अनिलने सांगितलंन."

आणि पुन्हा माना डोलल्या. छत्र्या गळत होत्या, पायांखाली पाणी साचलं होतं, आणि ही सगळी माणसं वीज कमी का होते याचं कारण कोकमात शोधत होती. पावसाला दोष देता येत नाही, अनिलला दिला तर आपण फसलो असं होतं. मथुराबाईंना देणं सगळ्यात सोपं होतं, कारण त्यांनी कबूल केलेलं होतं.

मथुराबाई उठल्या. गळ्यातून तो काळा दोरा काढला आणि किल्ली मुळ्यांसमोरच्या टेबलावर ठेवली. "माज्यापायी समद्यांना तरास नको," म्हणाल्या. कुणी किल्ली मागितलीही नव्हती अजून. मुळ्यांनी ती उचलून खिशात टाकली आणि पुढचा विषय घेतला. पार्किंग.

मी मथुराबाईंना जिन्यात गाठलं. म्हटलं, "अहो, तुमच्यामुळे काही झालेलं नाही. एक काच आणि चार डाग. हा पाऊस आहे, पाऊस. ऑक्टोबरात बघा कशी चालतात ती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं ते अगदी शांतपणे. "येवडी शिकलेली माणसा एकजात खोटा कशाला बोलतील ओ?" म्हणाल्या आणि वर गेल्या.  त्या बाईला खरंच वाटत होतं की बिल्डिंगचा उजेड तिने घालवला.

ऑक्टोबर आला, आभाळ स्वच्छ झालं, आकडा चढला. ती फुटकी पाटी तशीच होती, बदललीच नाही कुणी. मुळ्यांनी वार्षिक सभेत सांगितलं, "गच्चीला कुलूप लावल्यापासून उत्पादन लक्षणीय वाढलंय." टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत, याची नोंद कुणी घेतली नाही.

मथुराबाई तोवर कामाला लागल्या होत्या. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये आंब्याचे पदार्थ करतात, तिथे. सकाळची एसटी, डोक्याला जाळी, हातात मोजे. रस डब्यातून येतो, थाळ्यांवर यंत्र पसरवतं, थाळ्या एका लोखंडी खोलीत जातात आणि आत विजेवर गरम वारा फिरतो. आज घातलेली पोळी उद्या पाकिटात. मथुराबाईंचं काम पोळ्या सोडवायचं. बोटांना सवय आहे, म्हणून घेतलंन त्यांना. एकदा मी विचारलं, तिथली पोळी कशी होते? "व्हता चांगली," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तिथं बारा म्हयने आंब्याचा वास हाय ओ. कटाळा येता." आंब्याच्या वासाचा कंटाळा आलेला माणूस मी कोकणात त्याआधी बघितला नव्हता.

यंदा एप्रिलमध्ये अनिलने आमच्या गच्चीवर छोटासा कार्यक्रम ठेवला. आजूबाजूच्या सोसायट्यांच्या अध्यक्षांना बोलावलंन, आमचं काम दाखवून त्यांची कामं मिळवायला. रविवार होता. मुळ्ये मथुराबाईंना म्हणाले, "चहाचं तेवढं तुम्ही बघाल ना? तुमच्या हातचा चांगला होतो." त्या हो म्हणाल्या. किल्ली दिल्यापासून त्या पहिल्यांदाच गच्चीवर येत होत्या.

पॅनलच्या खाली खुर्च्या मांडल्या होत्या. गार सावली, वारा, पाहुणे खूश. अनिलने सगळ्यांना भेट म्हणून एकेक पाकीट वाटलं. कोकणची आंबापोळी. पाकिटावर पिवळाधम्मक सूर्य काढलेला आणि खाली लिहिलेलं, 'उन्हात वाळवलेली, पारंपरिक चवीची'. मिरजोळ्याचा पत्ता मागे बारीक अक्षरात. मथुराबाईंना पण एक मिळालं. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं, त्या चित्रावर अंगठा फिरवला, आणि पदराखाली ठेवून पुन्हा चहा गाळायला लागल्या.

पाहुण्यांतल्या एका बाईंनी पोळी खाता खाता विचारलं, "आमच्या सोसायटीत बायका ऐकायच्या नाहीत. वाळवणं कुठे घालायची म्हणतील."

"वाळवणं आता कोण घालतंय हो," मुळ्ये म्हणाले. "सगळं विकत मिळतं. पूर्वी आमच्याकडे एक बाई होत्या, त्या घालायच्या."

त्यांच्या कोपराशी मथुराबाई ट्रे घेऊन उभ्या होत्या. मुळ्यांनी कप उचलला, "थँक्यू" म्हणाले आणि पुढे बोलत राहिले. ते मुद्दाम केलेलं नव्हतं. मुद्दाम केलेलं असतं तर मी तिथेच बोलले असते. त्यांच्या मनात गच्चीवर साठं घालणारी बाई आणि ही चहा देणारी बाई या दोन वेगळ्या बायका झाल्या होत्या, आणि पहिली केव्हाच गेली होती. मथुराबाईंनी पुढच्या माणसाला विचारलं, "बिनसाकरेचा तुमचा काय?"

पाहुणे गेले. खुर्च्या आवरल्या. पश्चिमेच्या कठड्यापाशी पॅनलच्या खालून उन्हाची ती तिरीप आत आली होती. मथुराबाई तिथे गेल्या, वाकल्या आणि स्लॅबवर तळहात टेकवला.

"तापतो अजून," म्हणाल्या. "येवड्यात दोन ताटा मावली असती."

माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "मथुराबाई, तुमच्यासमोर ते 'एक बाई होत्या' म्हणाले. तुम्ही काही बोलला नाहीत. निदान 'मीच ती' म्हणायचं होतंत."

त्यांनी हात पदराला पुसला. पदराखालचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "तुमी खावा. मना नको."

"अहो पण..."

"मुळेकाका खोटा काय बोललेत, हेमाताई? व्हती एक बाय."

गच्चीच्या दारात मुळ्ये किल्ली घेऊन उभे होते. "चला, कुलूप लावायचंय," म्हणाले. मथुराबाईंनी उष्टे कप ट्रेमध्ये गोळा केले आणि माझ्या आधी जिना उतरल्या.